विहिरीपाशी अडलेली कादंबरी

माझ्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर प्रकाशकांना घोडा हवा होता. घोड्यावर बाई, बाईच्या हातात बंदूक, मागे मावळता सूर्य. माझ्या नायिकेकडे घोडा नव्हता, बैलजोडी होती. बंदूक होती, पण ती नवरा घेऊन जायचा. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याहून उत्तर आलं, "मॅडम, बैल इथेही आहेत. बैलासाठी अमेरिकेवरची कादंबरी कोण विकत घेईल?"

अमेरिकेवरची, हेही त्यांचंच. नायिका डाकोटात जन्मते आणि डाकोटातच लग्न करते, हे खरं. पण चौथ्या प्रकरणात ती नवऱ्यामागून सरहद्द ओलांडून उत्तरेला येते आणि उरलेली सगळी पानं सस्कॅचेवानच्या गवतात काढते. "कॅनडा थोडा कमी करता येईल का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. सस्काटूनमध्ये इतकी वर्षं राहिल्यावर हिवाळ्यात मलाही पुष्कळदा तसंच वाटतं, पण ते माझ्या हातात नाही.

शेवटच्या प्रकरणाबद्दल मात्र आमचं एकमत होतं. त्यात नायिका विहीर जवळ करते. प्रकाशकांनी ते वाचून लगेच फोन केला. "मॅडम, रडलो," म्हणाले. मग नाक शिंकरून कार्यक्रमाचं सांगू लागले. टोरांटोजवळ मराठी माणसांचं मोठं संमेलन भरणार होतं, तिथे प्रकाशन ठरलं होतं. शाल, श्रीफळ, फायर अलार्मच्या भीतीने बॅटरीवर चालणारी समई, आणि 'सातासमुद्रापार मराठीचा झेंडा रोवणाऱ्या लेखिका' असं माझं वर्णन असलेली पत्रिका. झेंडा मी कुठे रोवला ते मला आठवत नाही. आमच्या अंगणात वर्षातले पाच महिने गोठलेल्या जमिनीत साधी कुदळही रोवता येत नाही.

आता नायिकेबद्दल. ती मी कल्पनेतून काढलेली नाही. ती आमच्या शेजारणीची आजी.

शेजारीणबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती. शेतावरून शहरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कुंपणापलीकडून बोलताना आवाज अजून ट्रॅक्टरवरून हाक मारल्यासारखा लागायचा. मी साठीला टेकले आहे, तरी त्या मला 'किडो' म्हणत. इंग्रजीत मी त्यांना नावानेच हाक मारायचे. मनात मात्र त्यांना अहोजाहो चालू असायचं, ते काही सुटलं नाही. कितीतरी हिवाळे त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी आजीची गोष्ट ऐकली. गवताची ढेकळं रचून बांधलेलं घर, छपरातून पावसाबरोबर खाली येणारा चिखल, मळणीच्या दिवसांत दूरदूरच्या शेतांवर मजुरीला जाणारा नवरा, आणि पदरी एक लहान मुलगी. ती मुलगी म्हणजे शेजारीणबाईंची आई.

गोष्ट एका उन्हाळ्यात संपायची. नवरा घरी नव्हता. परतला तेव्हा मुलगी टेबलाच्या पायाला कापडी पट्टीने बांधलेली होती, आणि बायको विहिरीत होती. "विहिरीपाशी गमावली तिला," एवढंच घरात म्हणत. कशी, ते कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायची मला गरजच वाटली नाही. माझ्या आजोळच्या गावात एका विहिरीचं पाणी कोणी पीत नसे, आणि त्याचं कारण आम्हा मुलींना दहाव्या वर्षीच ठाऊक होतं. आमच्याकडे कथेत एकटी बाई विहिरीकडे निघाली की वाचक पान न उलटताच पुढचं ओळखतो. त्यात मुलीला बांधून ठेवलेलं. निरवानिरव करून गेलेली बाई माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली आणि मी ते प्रकरण एका आठवड्यात लिहून काढलं.

शेजारीणबाईंना शेवट काय केला आहे ते मी सांगितलं नव्हतं. त्या मराठी वाचणार नव्हत्या. इतका साधा हिशेब होता.

मग एका गुरुवारी त्या कुंपणापाशी आल्या. त्यांच्या मुलाने आजीची जुनी जमीन विकली होती. घर केव्हाच पडलं होतं, पण विहीर होती, आणि नवा मालक सोमवारी मशीन आणून ती बुजवणार होता.

"शनिवारी सकाळी मला तिकडे ने," त्या म्हणाल्या. "आणि तुझं पुस्तक आण. विहिरीचं जे काय लिहिलंयस ते तिथे वाचून दाखव."

"इंग्रजीत नाहीये ते."

"मग वाचता वाचता इंग्रजी कर. तुला दोन्ही येतात ना?"

त्याच शनिवारी पुण्याच्या रात्रीपर्यंत मला छपाईला शेवटचा होकार द्यायचा होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पोटॅशच्या खाणीत जमिनीखाली हवा खेळती ठेवण्याचं काम बघतो. माझ्या लेखनाबद्दल त्याचं मत असं की त्यात हवा थोडी जास्तच खेळती असते.

"सांगून टाक त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमच्या आजीने जीव दिला असं मी ठरवलंय?"

"ठरवलंयस ना?"

"कादंबरीत."

"मग कादंबरीत ठरवलंय असं सांग."

"मी काय म्हणते, वाचताना थोडं बदलेन. पाय घसरला म्हणेन. तिथे मराठी कळणारे तू आणि मी दोघंच."

"म्हणजे मी साक्षीदार."

"तू ड्रायव्हर."

शनिवारी निघालो तेव्हा उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर शहरावर उतरलेला होता आणि सूर्य तांबड्या गोळीसारखा दिसत होता. दुपारपर्यंत वादळ येणार असा इशारा फोनवर होता. शेजारीणबाई पुढच्या सीटवर, मांडीवर कॉफीचा थर्मास. मी मागे, मांडीवर प्रकरणाची छापील पानं. पहिला तासभर त्या फक्त दोन्हीकडच्या पिकांना नावं ठेवत होत्या. मोहरी उशिरा पेरली, या माणसाला फवारणीची अक्कल नाही, त्याच्या बापालाही नव्हती.

मग डांबरी रस्ता संपून खडीचा सुरू झाला, आणि समोर बघतच त्या म्हणाल्या, "आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं मला एक विचारलं. नव्वदीची होती. म्हणाली, मी रडत होते म्हणून माझी आई गेली का गं?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलंत तुम्ही?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, कॉफी घे. आयुष्यभर ती कोणापुढे रडली नाही, किडो. बाबा गेले तेव्हासुद्धा भांडी घासत उभी राहिली. मला वाटायचं, दगड आहे ही." त्यांनी थर्मासचं झाकण उगाच उघडून परत लावलं. "तू इतकी पुस्तकं वाचलीस त्या काळावरची. तुला काहीतरी कळलं असेल. म्हणून म्हटलं, वाच."

माझ्या प्रकरणात मुलगी रडत होती. सलग अडीच पानं रडत होती. त्या रडण्यानेच तर नायिकेचा धीर सुटतो, आणि ती पट्टी बांधते, केस विंचरते, आणि निघते. प्रकाशक रडले ते त्याच पानांवर. मी पानं उलटी करून मांडीवर ठेवली. फोन वाजला. प्रकाशकांचा निरोप, 'मॅडम, फायनल ओके?' आणि पुढे हात जोडलेलं चित्र.

पाय घसरल्याचं सांगायचं, हे मी तिथेच पुन्हा एकदा पक्कं केलं. आता तर मला त्यात पुण्यही दिसू लागलं होतं.

जागा ओळखू आली ती झाडांमुळे. रिकाम्या सपाट रानात लायलॅकची जुनी झुडपं आणि त्यांच्यामागे कुंपणासाठी लावलेल्या काटेरी झाडांची वाढलेली रांग, म्हणजे इथे कधीतरी कोणी राहत होतं. गवत कमरेपर्यंत. नवऱ्याने डिकीतून घडीची खुर्ची काढून खांद्याला अडकवली आणि आमच्या मुलाची जुनी हॉकी स्टिक हातात घेतली.

"माझ्या मागे, एका ओळीत. मी ठोकल्याशिवाय कोणी पाय टाकायचा नाही. जुन्या विहिरीवरच्या फळ्या कुजलेल्या असतात."

"मी या शेतावर लहानाची मोठी झाले," शेजारीणबाई म्हणाल्या.

"फळ्यांना ते माहीत नाही," नवरा म्हणाला.

तो ठोकत ठोकत पुढे, मधे त्या काठी टेकत, मागे मी कागद छातीशी धरून. त्यांचा पाय कुठे पडतो त्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. वारा पूर्ण थांबला होता. पश्चिमेला धुराच्या खालून काळी कड वर येऊ लागली होती. अचानक हॉकी स्टिकचा आवाज पोकळ झाला आणि नवऱ्याने दोन्ही हात पसरले.

विहीर लहानच होती, आतून लाकडाच्या चौकटीने बांधलेली. आमच्याकडच्या विहिरीसारखा काठ नाही, पायऱ्या नाहीत. फळ्यांवर गंजका पत्रा, पत्र्यावर दगड, आणि एका कोपऱ्यात फळी तुटून हातभर फट पडलेली. त्या फटीतून आवाज येत होता. झोपलेल्या माणसाने तोंडाने सोडावा तसा, लांब आणि एकसारखा.

मी मागे सरले. विहिरीबद्दल इतकं सगळं लिहून झालं होतं, पण ती आवाज करील हे सुचलं नव्हतं.

नवऱ्याने खिशातून टिश्यू काढून त्याचा तुकडा फटीवर सोडला. तुकडा खाली पडला नाही, उडून वर आला. नवऱ्याचा चेहरा कामावरचा झाला.

"मागे व्हा. दोघीही. आणखी मागे."

"काय आहे?"

"वादळाआधी बाहेरचा हवेचा दाब उतरतो, मग जमिनीतली हवा अशी वर येते. त्या हवेत प्राणवायू जवळजवळ नसतो. वास नाही, रंग नाही. इथे उघड्यावर ठीक आहे, पण आत उतरणारा माणूस शिडीच्या दोन पायऱ्यांत कोसळतो. हाक मारायलाही वेळ मिळत नाही."

हे त्याने आधी मराठीत मला, मग इंग्रजीत त्यांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग काठीचं टोक फटीकडे केलं. फटीच्या तोंडाशीच चौकटीवर एक लोखंडी आकडा होता आणि त्याला तुटक्या साखळीच्या दोन कड्या लोंबत होत्या.

"सायीचा डबा," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात साय नासू नये म्हणून विहिरीत लोंबता सोडायचे. आमच्या घरीही सोडायचे. साखळी अडकली की कोणीतरी उतरायचं." थोडं थांबून नवऱ्याला विचारलं, "त्या दिवशी ही हवा होती?"

"ते कोणालाच माहीत नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणालाच नाही."

घडीची खुर्ची उघडून आम्ही त्यांना लायलॅकच्या आडोशाला बसवलं. त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "वाच."

मी वाचायला लागले. म्हणजे डोळ्यांनी मराठी बघायचं आणि तोंडाने इंग्रजीत दुसरंच बोलायचं. घर, ऊन, पाव भाजल्याचा वास, हे जसंच्या तसं सांगितलं. मग मुलीला झोपवलं. कागदावर ती किंचाळत होती, मी तिला गाढ झोपवलं. नायिकेला सायीच्या डब्याची आठवण करून दिली. हा डबा पाच मिनिटांपूर्वी कादंबरीत आला होता. नायिका बाहेर पडली, वाकली, तोल गेला. तीन पानं मी चार वाक्यांत उरकली आणि कागद खाली ठेवला.

शेजारीणबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. पूर्ण वेळ त्या माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"असं लिहिलंय तिथे?" त्यांनी त्याला विचारलं.

नवऱ्याने आकाशाकडे पाहिलं. "ढग जवळ आलेत. निघायला हवं."

"मी तुला ढगांचं विचारलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं न बोलता गप्प कसं राहावं हे त्याला येत नाही, त्याच्या तोंडावर सगळं उमटतं. मी कागद उचलले.

"नाही," मी म्हटलं. "असं लिहिलेलं नाही."

"मग जे लिहिलंयस ते वाच."

वाचलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. मुलगी रडली. अडीच पानं रडली. आई कानांवर हात ठेवून भिंतीला टेकली. पट्टी बांधली, गाठ दोनदा तपासली, केस विंचरले. दार ओढून घेतलं. पुण्यात भिडलेली वाक्यं त्या गवतात उभ्याने वाचताना मला माझाच आवाज मराठी मंडळाच्या कार्यक्रमातल्या निवेदिकेसारखा ऐकू येत होता. पश्चिमेला एकदा गडगडलं. नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली.

वाचून झालं. शेजारीणबाईंनी गुडघ्यांवरची काठी खाली टेकली.

"मुलगी रडत होती, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी लिहिलं."

"का?"

"ती का गेली, ते वाचकाला कळायला हवं होतं."

"आणि म्हणून ते पोरीवर ढकललंस."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, बांधून ठेवलं होतं ना तिला, म्हणून मला वाटलं.

"सगळेच बांधायचे!" त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. "चूल पेटलेली, बाहेर गुरं. गाईचं दूध काढायला जायचं तर पोराला बांधूनच जायचं. माझ्या आईनेही मला बांधलंय. ती काय दर वेळी मरायला जात होती?"

"आमच्याकडे," मी म्हटलं, "बाई एकटी विहिरीकडे गेली, की लोक समजतात…"

"तुमच्याकडे बायका पाणी आणायला जात नाहीत?"

नवरा खोकला. त्याला हसू आलं होतं की नाही, मी बघितलं नाही.

वारा सुटला तो एकाच झटक्यात. लायलॅकची झुडपं आडवी झाली, पत्रा खडखडला. नवऱ्याने खुर्चीची घडी करायला घेतली, पण त्या उठेनात. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला आणि तसाच धरून बसून राहिल्या.

"ऐक. तिनं उडी मारली नाही असं तू लिहावंस, असं मी म्हणत नाही. मारली असेल. मला माहीत नाही, तुला तर नाहीच. पण त्या पोरीचं रडणं काढ. नव्वद वर्षं तिनं ते वागवलं. छापून पुन्हा तिच्या गळ्यात घालू नकोस."

"ते काढलं तर प्रकरण उभं राहत नाही."

"मग पडू दे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

आलो त्याच आडव्या झालेल्या गवतातून, हॉकी स्टिकमागे एका ओळीत परत निघालो. आता घाई होती, आणि ठोकल्याशिवाय पाय टाकायचा नाही हा नियमही होता. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता आणि त्यांनी तो झटकला नाही, एवढंच त्या वाटेतलं मला आठवतं. गाडीचं दार लावलं आणि पावसाचे जाडजूड थेंब काचेवर फुटले.

पहिल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली थांबलो. पुण्यात रात्रीचे दहा वाजून गेले होते. प्रकाशकांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"ओके ना मॅडम?"

"नाही. शेवटचं प्रकरण जाणार नाही. मुलीचं रडणं काढायचंय."

"अहो, मग काढा की! दोन ओळींचं काम."

"रडणं काढलं तर ती बाहेर का जाते, ते मला माहीत नाही."

"नवरा दारू पितो असं करा."

"तो पीत नव्हता."

"मॅडम, तो मेलाय."

"तरीही पीत नव्हता."

"सासू आणता येईल का?"

"सासू डाकोटात राहिली. पान चाळीस."

मग ते भडकले. पत्रिका छापली होती. शाली आल्या होत्या. अध्यक्षांनी भाषणात विहिरीवर चार परिच्छेद लिहिले होते. कादंबरीचा शेवट मी एका शेजारणीला विचारून ठरवणार का, असं त्यांनी विचारलं. आणि लेखकाचं स्वातंत्र्य या विषयावर, माझ्या स्वातंत्र्याला जराही वाव न देता, ते बरंच बोलले.

पुढच्या सीटवरून शेजारीणबाईंनी मान वळवली. "ओरडतोय का तो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पुण्याचा आहे," नवरा म्हणाला. "सांगणं कठीण."

"मॅडम, आज होकार नसेल तर संमेलनातून नाव काढावं लागेल," प्रकाशक म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"काढा."

"काढा म्हणजे?"

"नाव काढा. ते प्रकरण मी परत लिहिणार आहे. किती दिवस लागतील ते मलाही माहीत नाही."

मी फोन ठेवला. सहा वर्षांचं काम होतं. पावसाने पंपाचं छप्पर नुसतं बडवून निघत होतं.

"काय म्हणाला?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"या वर्षी पुस्तक येणार नाही. नंतरचंही माहीत नाही."

त्यांनी थर्मासमधली उरलेली कॉफी झाकणात ओतून मागे माझ्याकडे दिली. थंडच होती, मी प्यायले.

"तुझ्या फोनमध्ये सगळं पुस्तक आहे?"

"आहे."

"मी अजून फक्त तिचं मरण ऐकलंय. सुरुवातीपासून वाच. आणि या वेळी बाकीचंही काय काय बनवलंयस ते कळू दे."

मी पहिलं पान उघडलं. डाकोटातलं स्टेशन, आगगाडीच्या एकाच डब्यात भरलेले बैल, बियाण्याची पोती, लोखंडी चूल आणि नवी नवरी. पहिलं वाक्य इंग्रजीत केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"किती पानं आहेत एकूण?"

"चारशे."

"देवा," त्या म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "हळू चालव."